सावध राहा म्हणणं आणि फसलेल्याला दोष देणं, यातलं अंतर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताई स्वतः ज्येष्ठ नागरिक संघांमध्ये सायबर सुरक्षेबद्दल बोलायला जातात. त्यांचे वडील निवृत्त शिक्षक, त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे तोतया पोलिसांनी फोनवरच अटक केल्याचं भासवून, बसवून ठेवलं आणि एफडी मोडून जवळजवळ सगळी पुंजी दुसऱ्या खात्यात पाठवायला लावली. आता नातेवाईक, शेजारी, अगदी तक्रार घेणारा माणूससुद्धा म्हणतोय की मुलगी लोकांना शिकवते आणि तुम्हाला एवढं कळलं नाही का. ताई विचारतायत की ज्या सूचना मी इतकी वर्षं सांगत आले त्याच आता माझ्या वडिलांवर उगारल्या जातायत, मग मी हे काम थांबवू का, सावध राहा म्हणणं म्हणजेच फसलेल्याला दोष देणं आहे का.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय, शेवटची वर्षं सायबरच्या कामात गेली, आणि आता मीही तुमच्यासारखाच बोलायला जातो, त्यामुळे ही कोंडी मला चांगली माहितीये. काम थांबवू नका. फक्त प्रत्येक सूचनेला एक कसोटी लावा: ही सूचना ऐकून घरी गेलेला माणूस उद्या फसलाच, तर तो तासाभरात कुणाला तरी सांगेल की चार दिवस लपवून ठेवेल? जी सूचना लपवायला लावते ती कितीही बरोबर असली तरी टाकून द्यायची.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, पैसे परत मिळण्याचं गणितच तसं आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लागला की तक्रारीचा तपशील तिथून थेट संबंधित बँकेकडे जातो आणि पैसे ज्या खात्यात गेलेत तिथे ती रक्कम अडवून ठेवायला सांगतात. ही यंत्रणा २०२१ पासून आहे. पण समोरचे लोकही बसून राहत नाहीत, पहिल्या खात्यात आलेले पैसे काही मिनिटांत पाचसात खात्यांत फुटतात, तिथून पुढच्या थरात, मग कुठे एटीएममधून काढतात, कुठे चेकने, कुठे क्रिप्टोत घालून देशाबाहेर. ती खाती बऱ्याचदा कुणा बेरोजगार पोराची, कुणा रोजंदारीवाल्याची, काही हजारांसाठी भाड्याने दिलेली. म्हणजे अडवायचं असेल तर पहिला तास, फार तर पहिला दिवस. तिसऱ्या दिवशी आलेल्या माणसासाठी तपास होतो, आरोपी पकडले जाऊ शकतात, पण पैशाची आशा फार थोडी उरते.

आणि हा पहिला तास कशात जातो? तक्रारदारांना मी नेहमी विचारायचो की कळलं कधी आणि आलात कधी, मधला वेळ कुठे गेला. तांत्रिक कारणं फार कमी असायची. घरी काय तोंड दाखवू, मुलगा आधीच म्हणतो की बाबा तुम्ही फोन वापरू नका, सूनबाई काय म्हणेल, ऑफिसात कळलं तर. नवऱ्याला न सांगता बायकोने आधी दागिने गहाण ठेवून भर घालायचा प्रयत्न केलेला असायचा. म्हणजे 'एवढं कसं कळलं नाही' हे वाक्य अजून कुणी उच्चारलेलंसुद्धा नसतं, माणूस ते आधीच मनात ऐकत असतो, आणि तेवढ्यात पैसे निघून जातात. दोष देण्याची सवय अशी थेट चोराच्या उपयोगी पडते. म्हणून मी याला फक्त वाईट वागणूक समजत नाही, तपासातला अडथळा समजतो.

आता शिकलेला माणूस फसतोच कसा, हा जो प्रश्न तुमच्या घरी घुमतोय त्याबद्दल. वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल, पद्मभूषण, लुधियानाचे मोठे उद्योगपती, त्यांना २०२४ मध्ये याच पद्धतीने ७ कोटींना फसवलं. त्यांच्यासमोर सुप्रीम कोर्टाची आख्खी खोटी सुनावणी उभी केली होती, सरन्यायाधीशांच्या नावाने माणूस बसवून. ज्या माणसाने हजारो कोटींचा धंदा सांभाळला त्याच्या बुद्धीबद्दल आपण काय बोलणार? पण त्यांनी तक्रार केली, उघडपणे बोलले, आणि सव्वापाच कोटी परत मिळाले. २०२४ या एका वर्षात देशभरात लोकांचे २२,८०० कोटींच्या वर रुपये सायबर फसवणुकीत गेले, ही सरकारने लोकसभेत दिलेली माहिती आहे. एवढी रक्कम काही थोड्या भोळ्या लोकांकडून गोळा होत नाही.

स्क्रिप्ट कशी चालते ते बघा म्हणजे वडिलांचं वागणं समजेल. आधी एक साधा फोन, तुमच्या नावाचं पार्सल अडकलंय किंवा तुमचा नंबर बंद होणार आहे. मग 'मुंबई पोलिसांकडे' फोन जोडून देतात. मग व्हिडिओ कॉल, मागे बोर्ड, अंगावर गणवेश, वायरलेसचे आवाज. तुमचा आधार नंबर ते स्वतःच वाचून दाखवतात, कारण तो कुठल्यातरी फुटलेल्या डेटामध्ये असतोच. मनी लाँडरिंगमध्ये, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याच्या प्रकरणात, तुमचं खातं सापडलंय. मग एक जण धमकावतो आणि दुसरा 'साहेब, हे सज्जन दिसतात' म्हणून मदत करतो. कॉल बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर त्यालाही सहआरोपी करू. इथे माणूस लोभाने गप्प बसलेला नसतो, मुलीला लफड्यात ओढायचं नाही म्हणून गप्प बसलेला असतो. तुमच्या वडिलांनी तुम्हाला का सांगितलं नाही याचं कारण बहुतेक हेच असेल, विचारून बघा, पण सावकाश. आणि पलीकडे बोलणाऱ्या माणसाचं दिवसभराचं कामच ते असतं, म्यानमार-कंबोडियातल्या कोंडवाड्यांमध्ये नोकरीच्या आमिषाने नेलेली आपलीच पोरं मारहाणीखाली हे फोन करताना सापडलीयेत. एका बाजूला एवढी सगळी यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला घरात एकटा बसलेला सत्तरीतला माणूस.

अजून एक गोष्ट, जी माझ्या खात्यातल्या लोकांना आवडत नाही पण खरी आहे. ही फसवणूक आपल्याकडे चालते कारण पोलिसांना घाबरायची सवय लोकांना आधीपासून लागलेली आहे. पुण्यात, नाशकात, कुठेही विचारा, रस्त्यात म्हातारीला थांबवून 'आम्ही पोलीस आहोत, पुढे चेकिंग चाललंय, दागिने काढून पुडीत बांधा' सांगणारे तोतये स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधीपासून आहेत. का चालतं? कारण चौकीतून नुसता फोन आला आणि 'साहेबांनी बोलावलंय' म्हटलं की माणूस जातो, कारण विचारत नाही, लेखी मागत नाही, मागितलं तर उलट आवाज चढतो हे त्याला माहिती असतं. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, ती कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच बजावली पाहिजे. व्हिडिओवर अटक हा प्रकार तर कायद्यात कुठेच नाही. पण हे लोकांना सांगायचं काम आपण किती केलं? तुमच्या वडिलांनी गणवेशावर विश्वास ठेवला, आणि आयुष्यभर त्यांना तेच शिकवलं होतं. मग एकट्या त्यांचीच चूक म्हणून कशी मोजायची?

कायद्याच्या बाजूनेही एक मुद्दा सांगतो, तो घरच्यांना नक्की ऐकवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आधीचं ४२०, फसवणुकीचं. हा गुन्हा सिद्ध करायला काय लागतं? कुणीतरी लबाडीने खोटं भासवलं, समोरच्याला ते खरं वाटलं, आणि म्हणून त्याने पैसे दिले. म्हणजे विश्वास बसणं हा त्या गुन्ह्याचाच एक भाग आहे, तो नसेल तर फसवणूक पूर्णच होत नाही. 'तो फारच सहज फसला' हा आरोपीचा बचाव होऊच शकत नाही. अपघाताच्या नुकसानभरपाईत न्यायाधिकरण दोन्ही बाजूंचा निष्काळजीपणा मोजतं, तसं फौजदारी खटल्यात फिर्यादीच्या साधेपणाचे मार्क कापत नाहीत.

मग तक्रार घेणाऱ्याने काही विचारायचंच नाही का? विचारावंच लागतं, तपशिलाशिवाय तपास होत नाही. फक्त 'तुम्ही पैसे का पाठवले' असं विचारलं की माणूस सफाई द्यायला लागतो, अर्ध्या गोष्टी गाळतो, स्वतःला शहाणं दाखवायला क्रम बदलतो, आणि जबाब बिघडतो. 'त्यांनी काय सांगितलं म्हणून तुम्ही पाठवले' असं विचारलं की तोच माणूस आरोपीचं बोलणं शब्दशः सांगतो, नाव, हुद्दा, खाते नंबर, कोणत्या वेळी कुठला कॉल. आमच्या कामात हा फरक मी खूप वेळा पाहिलाय. चुकीचा प्रश्न विचारला की पुरावाच जातो.

हा झगडा सायबरपुरता नाही हे तुम्ही लिहिलंयच. बायकांवरच्या अत्याचारात तो कितीतरी जुना आणि कितीतरी क्रूर आहे. महाराष्ट्रातलंच मथुरा प्रकरण घ्या, १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्याच्या आवारात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपींना सोडताना तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही असल्या गोष्टी धरल्या. त्यावर देशभर चीड उसळली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरी फिर्यादी बाईचं चारित्र्य वाईट आहे असं कोर्टात दाखवायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम निघायला २००३ उजाडलं. एवढा वेळ लागला. आणि आजही पहिली सूचना काय देतो आपण? रात्री बाहेर जाऊ नको, अनोळखी माणसाशी बोलू नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतायत की बलात्काराच्या दहातल्या नऊपेक्षा जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचं वचन दिलेला. म्हणजे ही सूचना मुलीचं बाहेर जाणं तोडते आणि जिथून धोका जास्त आहे ते घर, ओळखीची माणसं तशीच सोडते. आणि ज्या मुलीवर काकाने हात टाकला ती म्हणते, मी तर सगळं पाळलं होतं, मग माझंच काहीतरी चुकलं असणार. अशी सूचना तिला वाचवत नाही आणि नंतर गप्प बसवते. माझी कसोटी तिथेही तशीच लागू पडते.

फसवणूक आणि बलात्कार एकाच मापाने मोजायचे नाहीत, हेही सांगून ठेवतो. ओटीपी न देणं ही सवय माणसाचं फारसं काही हिरावत नाही, रात्री बाहेर न पडणं हे मुलीचं शिक्षण, नोकरी, जगणं हिरावतं. सूचना पाळायची किंमत कोण भरतंय हेही पाहायला हवं.

आता पैशाकडे परत. दोष द्यायची सवय नियमांतही बसलेली असते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचा, ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबद्दलचं. गडबड ना बँकेची ना ग्राहकाची, यंत्रणेतच कुठेतरी झाली आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याचं नुकसान शून्य. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे, हे फार लोकांना माहितीच नसतं. चांगलं परिपत्रक आहे, पण डिजिटल अरेस्टमध्ये माणूस स्वतः बँकेत जाऊन मोठी रक्कम पाठवायचा आरटीजीएसचा फॉर्म भरतो, सही त्याची, म्हणून बँक म्हणते की हा व्यवहार तुम्हीच केलाय, आमचा संबंध नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवून करायला लावलेल्या व्यवहारांत बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत पैसे परत द्यायचे असा नियम आहे, आणि तो भार पैसे पाठवणारी बँक व पैसे घेणारी बँक यांनी निम्मा निम्मा उचलायचा. घेणाऱ्या बँकेवर अर्धा भार टाकला ही मला त्यातली खरी मेख वाटते, कारण भाड्याची खाती उघडू देणारी तीच असते. आपल्याकडे तसं झालं तर बँका खाती उघडताना किती काळजी घ्यायला लागतील याचा विचार करा. सगळी सावधगिरी ग्राहकाने बाळगायची असं ठरलं की बाकी कुणाला काही करावंच लागत नाही, आणि मला राग याचा येतो.

मग व्याख्यानात काय बोलायचं. मी ज्या गोष्टी सोडल्या त्या: लोभ करू नका, अशिक्षितासारखं वागू नका, फसलेल्यांचे किस्से हसवण्यासाठी सांगणं. सभागृहात लोक हसतात तेव्हा तिसऱ्या रांगेत असा एक जण बसलेला असतो ज्याचे पैसे मागच्या महिन्यात गेलेत आणि ज्याने घरी सांगितलेलं नाही. तो तुमच्याकडे कधीच येणार नाही. त्याऐवजी मी सुरुवातीलाच सांगतो की इथे बसलेल्यांपैकी काहींचे पैसे गेले असणार, ती लाज तुमची नाही, कार्यक्रम झाल्यावर मी अर्धा तास बाहेर थांबतोय. कुणी ना कुणी येतंच.

दुसरं, सूचना फसणाऱ्याला कमी आणि आजूबाजूच्यांना जास्त द्या. जो कॉलवर अडकलाय त्याचं डोकं त्या वेळी चालत नसतं, भीतीने ते बंद पाडलेलं असतं. पण शेजारच्या काकू पाहू शकतात की आजोबा सकाळपासून दार लावून बसलेत. बँकेतली काउंटरवरची मुलगी पाहू शकते की म्हातारा माणूस घाबराघुबरा होऊन एफडी मोडतोय आणि खिशातला फोन चालूच आहे. बँक कर्मचाऱ्यांनी अशी शंका घेऊन व्यवहार थांबवल्याच्या घटना बातम्यांत आल्यायत. सिंगापूरने तर २०२५ मध्ये कायदाच केला की माणूस ऐकायलाच तयार नसेल तर पोलीस काही काळ त्याचे व्यवहार रोखू शकतात. एवढं आपल्याकडे हवं की नको यावर वाद होईल, माझंही मन पूर्ण तयार नाही, कारण स्वतःच्या पैशावरचा हक्क काढून घेणं ही छोटी गोष्ट नाही.

तिसरं, शहाणपणावर अवलंबून नसलेले उपाय. नेटबँकिंगची रोजची मर्यादा कमी करून घ्या. मोठी एफडी असेल तर दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशी संयुक्त ठेवा, कुणाही एकाच्या सहीने चालते तशी नको. आणि घरात एक गोष्ट ठरवून टाका की पोलीस, कोर्ट, बँक कुणीही असो, 'कुणाला सांगू नका' म्हणालं की त्याच क्षणी घरातल्या एकाला सांगायचं. आणि मुलांनी आईबाबांना आधीच सांगून ठेवायचं की पैसे गेले तरी मी ओरडणार नाही, फक्त लगेच फोन करा. हे एकदा गंभीरपणे बोलून ठेवलेलं सगळ्या पोस्टरपेक्षा जास्त उपयोगी पडतं असा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या वडिलांबद्दल, कारण हे सगळं त्यांच्यापुढे दुय्यम आहे. १९३० ची तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक जपून ठेवा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर त्याची स्थिती बघत राहा, आणि गुन्हा नोंदवून घ्यायला लावा, नुसत्या अर्जावर थांबू नका. फोनमधलं काही पुसू देऊ नका, लाजेने लोक चॅट डिलीट करतात आणि तोच पुरावा असतो. बँकेला लेखी द्या, पोच घ्या, उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. काही रक्कम कुठल्या खात्यात अडवलेली निघाली तर ती सोडवायला बऱ्याचदा कोर्टात अर्ज करावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ५०३ खाली, तपास अधिकाऱ्याला त्याबद्दल विचारा. आणि 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन येऊ शकतो, तो त्याच टोळीचा किंवा यादी विकत घेतलेल्या दुसऱ्या टोळीचा असतो.

ते जेवत नसतील, झोपत नसतील, 'माझ्यामुळे सगळं गेलं' असं परत परत म्हणत असतील, तर ते मनावर घ्या, एकटं ठेवू नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात, तुम्ही स्वतः लावून द्या. नातेवाइकांना तुम्ही स्पष्ट सांगा की वडिलांसमोर हा विषय काढायचा नाही. घरचे व्यवहार एकदम त्यांच्या हातून काढून घेऊ नका, मर्यादा ठरवायच्या त्या त्यांना विचारून ठरवा. वीजबिल तेच भरत असतील तर तेच भरू द्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की पुढच्या व्याख्यानात वडिलांचा अनुभव सांगू का. त्यांना विचारल्याशिवाय नाव न घेतासुद्धा सांगू नका, तुमच्या गावात लोकांना लगेच कळेल कुणाबद्दल आहे ते. काही महिने जाऊ द्या, मग विचारा. तयार झाले तर त्यांनाच बोलू द्या, ते शिक्षक आहेत, त्यांना वर्गासमोर उभं राहायचं माहितीये. फोनवरचा माणूस काय काय म्हणाला हे त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगितलं की ऐकणाऱ्यांना तुमच्यामाझ्या स्लाइडपेक्षा जास्त कळेल. नाही म्हणाले तर परत विचारू नका.